वचन आणि वाचन

कॅथलिक चर्च बदलते का, या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले भाविकाचे. ख्रिस्तसभेची शिकवण प्रेषितांकडून आली तशीच आपल्यापर्यंत पोहोचली. बदलले ते रीतिरिवाज, मिस्साची भाषा, धर्मगुरूंचे पोशाख. गाभ्याला कोणी हात लावलेला नाही. दुसरे टीकाकाराचे. चर्च जगाच्या मागून शे-दोनशे वर्षांनी येते आणि आल्यावर, आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असे सांगते. ही दोन माणसे एकमेकांना विरोधक समजतात. मला ती एकाच चुकीची वाटेकरी दिसतात. धर्मग्रंथाचा अर्थ एकदाच लागतो आणि तो लागून गेलेला आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो जपायचा आहे, दुसऱ्याला मागे टाकायचा आहे. अर्थ लावण्याचे काम अजून चालू आहे, ही शक्यता दोघांच्याही हिशेबात नाही.

माझे म्हणणे असे आहे. चर्चमधला खरा बदल वाचनातून होतो. ग्रंथ तोच राहतो, त्यातले एकही वचन गळत नाही. पण कोणत्या वचनाच्या उजेडात कोणते वचन वाचायचे, हा क्रम बदलतो. हा क्रम लावण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने पहिल्या शतकातच वापरला आणि तो वापरला म्हणूनच ती एका जमातीचा पंथ न राहता विश्वाची झाली. तेव्हा बदल म्हणजे श्रद्धेपासून ढळणे, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे. पण याला जोडून दुसरे एक विधान करायला हवे आणि ते भाविकांना अधिक जड जाईल. काही बदल असे झाले आहेत की त्यांना वाढ किंवा विकास म्हणता येत नाही. तिथे चर्च चुकले होते. ती चूक चूक म्हणून न सांगण्याच्या सवयीने ख्रिस्तसभेचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही टीकाकाराने केलेले नाही.

१. यरुशलेमातला पहिला वाद

प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा. काळ इ.स. ५०च्या आसपासचा. प्रश्न एवढाच: यहूदी नसलेल्या माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तर त्याने सुंता करून घ्यायची का? आपल्याला तो किरकोळ वाटतो, कारण आपण त्याच्या उत्तराच्या अलीकडे जन्मलो. तेव्हाच्या माणसाला त्यात सगळे पणाला लागलेले दिसत होते. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देवाने अब्राहामाला सुंता लावून दिली ती निरंतरच्या कराराची खूण म्हणून, आणि जो ती करणार नाही तो आपल्या लोकांतून तोडला जाईल असे बजावून. हा नियम मोशेच्याही आधीचा. येशूने तो रद्द केल्याचे एकही वचन चार शुभवर्तमानांत नाही. त्याची स्वतःची सुंता आठव्या दिवशी झाली होती. केवळ शब्दप्रामाण्यावर निकाल लावायचा असता, तर सुंता हवीच म्हणणारा पक्ष जिंकायला हवा होता. ग्रंथ त्यांच्या बाजूला होता.

निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. पेत्र उठतो आणि वचन सांगत नाही, घडलेली गोष्ट सांगतो. कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी सुंता न झालेल्या माणसांवर पवित्र आत्मा उतरला, जसा आपल्यावर उतरला होता तसाच. मग बर्णबा आणि पौल आपले अनुभव सांगतात. सगळ्यांत शेवटी याकोब धर्मग्रंथ उघडतो. तो आमोस संदेष्ट्याचा आधार घेतो आणि तोही ग्रीक भाषांतराच्या वळणाने. त्या भाषांतरात उरलेली मानवजात प्रभूचा शोध घेईल असा अर्थ निघतो. हिब्रू पाठात तिथे अदोमाच्या उरलेल्या भागावर ताबा मिळवण्याची भाषा आहे. म्हणजे ख्रिस्तसभेच्या पहिल्या मोठ्या निर्णयाला आधार झाला तो एक अनुभव आणि एका वचनाचे एक विशिष्ट वाचन.

उत्पत्तीचा सतरावा अध्याय कोणी फाडून टाकला नाही. तो आजही बायबलमध्ये आहे आणि मिस्सात वाचलाही जातो. फक्त तो आता आमोसाच्या आणि पेन्टेकॉस्टच्या उजेडात वाचला जातो. शिवाय निर्णय पत्राने कळवताना, हे पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटले, असे त्यांनी लिहिले. त्यातल्या 'आम्हाला' या शब्दाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. निर्णय आकाशातून पडला नव्हता. बराच वाद झाल्यानंतर माणसांनी तो घेतला आणि घेतल्याची जबाबदारीही स्वीकारली.

२. कारण संपले की नियम संपतो

त्याच पत्रात यहूदीतर विश्वासणाऱ्यांना चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या होत्या: मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार. ही प्रेषितांची आज्ञा, पवित्र आत्म्याचे नाव घेऊन दिलेली. तरी पाश्चात्त्य चर्चमध्ये रक्ताचा आणि गळा दाबलेल्या प्राण्याचा निर्बंध हळूहळू सुटला. आजचा कॅथलिक त्याचा विचारही करत नाही.

हे नकळत घडले असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने कॉप्टिक ख्रिस्ती लोकांसाठी काढलेल्या आज्ञापत्रात याचा स्पष्ट खुलासा आहे. यहूदी आणि यहूदीतर यांना एकत्र नांदता यावे म्हणून ती आज्ञा होती. ते कारण राहिले नाही, म्हणून तिचे बंधनही राहिले नाही, असा त्याचा आशय. पंधराव्या शतकातली एक परिषद नव्या कराराच्या एका आज्ञेचे ऐतिहासिक वाचन करते आहे. आज्ञा कोणाला दिली, कशासाठी दिली, ती परिस्थिती आहे का, हे तीन प्रश्न तिने विचारले. हीच पद्धत आज कोणी वापरली तर तिला आधुनिकतेची लागण म्हणतात.

आणि त्याच आज्ञापत्रात, चर्चबाहेरचे सगळे, मूर्तिपूजक, यहूदी आणि पाखंडी, मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील, असेही ठासून सांगितले आहे. १९६५च्या २८ ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी इतर धर्मांविषयीचे निवेदन संमत केले. त्यात यहूदी लोकांवर ख्रिस्ताच्या मृत्यूचा सामूहिक दोष लादणे नाकारले आणि देवाने त्यांना दिलेली वचने मागे घेतलेली नाहीत, हा रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातला विचार पुढे आणला. शतकानुशतके मत्तयाच्या शुभवर्तमानातला, याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर असो, हा जमावाचा उद्गार किल्लीचा शब्द होता. आता पौलाचा अकरावा अध्याय किल्ली झाला. दोन्ही वचने पहिल्यापासून ग्रंथात होती.

३. व्याजाचा प्रश्न

व्याजाच्या बाबतीत शिकवण इतकी स्पष्ट होती की आज ती वाचून आश्चर्य वाटते. निर्गम, अनुवाद, यहेज्केल, पंधरावे स्तोत्र, लूकाचा सहावा अध्याय, सगळे एका सुरात. ११७९च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद आणि ख्रिस्ती दफन नाकारले. १३११-१२च्या व्हिएन परिषदेने त्यापुढे जाऊन, व्याज घेणे पाप नाही असे हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी समजून शिक्षा करावी, असे ठरवले. १७४५ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी इटलीतल्या बिशपांना पाठवलेल्या पत्रात मूळ बंदी पुन्हा सांगितली. आणि १९१७च्या चर्चच्या कायद्यात कायदेशीर व्याज आकारायला मुभा दिलेली आढळते.

मधल्या काळात काय झाले? पैसा बदलला होता. मोशेच्या नियमशास्त्रातले कर्ज म्हणजे अडलेल्या गरिबाची उसनवारी. त्याचे पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, असे तिथेच पुढच्या ओळीत सांगितले आहे. सावकारी काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या नियमाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. व्यापारात भांडवल म्हणून गुंतवलेला पैसा ही वेगळी वस्तू आहे, हे धर्मपंडितांना उमगायला वेळ लागला. इटलीच्या शहरांत फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांना तारणावर कर्ज देणाऱ्या संस्था काढल्या, खर्चापुरती थोडी रक्कम वर घेतली, त्यावर मोठा वाद झाला आणि १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने त्यांना मान्यता दिली.

या बदलाला मी मनापासून विकास म्हणेन. वचनाचा हेतू, गरिबाची नाडवणूक होऊ नये हा, शाबूत आहे. त्याची लागू होण्याची जागा अधिक नेमकी झाली. एक गोष्ट मात्र लपवू नये. व्हिएनच्या परिषदेत बसलेल्या बिशपांना आजचे चर्चचे कायदे दाखवले असते, तर त्यांनी हा आमच्याच शिकवणीचा विस्तार आहे असे म्हटले नसते.

४. विकास हा शब्द जिथे पुरत नाही

जॉन हेन्री न्यूमन यांनी ख्रिस्ती सिद्धांताच्या विकासावरचा आपला ग्रंथ १८४५ मध्ये लिहिला आणि त्याच वर्षी ते कॅथलिक झाले. त्यांच्याही आधी, पाचव्या शतकात, लेरॅंच्या व्हिन्सेंट यांनी मुलाच्या शरीराचा दृष्टांत दिला होता: मूल वाढते, अवयव मोठे होतात, पण ते तेच अवयव राहतात. त्रैक्याच्या सिद्धांताला हा दृष्टांत लागू पडतो. नायसियाच्या परिषदेने जे शब्द वापरले ते नव्या करारात नाहीत, पण त्यांचा अर्थ तिथल्या बीजातून उगवला असे म्हणता येते. गुलामगिरीच्या बाबतीत हा दृष्टांत मोडतो. बीज आपल्याच विरुद्ध वस्तूत वाढत नाही.

इथे थोडे थांबून पाहू. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परराष्ट्रातले दास विकत घ्यायला आणि मुलाबाळांना वारशाने द्यायला परवानगी आहे. इफिसकरांस पत्रात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असे आहे. ऑगस्टीनने गुलामगिरी ही पापाची शिक्षा मानली. ती मूळ सृष्टीच्या क्रमात नव्हती असे तो म्हणाला, पण चालू जगात तिला जागा दिली. १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला सारासेन आणि मूर्तिपूजक लोकांना जिंकून कायमच्या दास्यात टाकण्याचा अधिकार दिला. १४५५ मध्ये तो पुन्हा पक्का केला. हे आपल्यापासून दूरचे नाही. याच राजसत्तेच्या छत्राखाली पुढे गोव्यात धर्मप्रांत उभा राहिला आणि त्याच गोव्याच्या बाजारात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची खरेदी-विक्री होत असे.

१५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नये, असे बजावले. १८३९ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. लगेच अमेरिकेतल्या काही बिशपांनी, हा निषेध व्यापाराचा आहे, घरी असलेल्या गुलामांचा नाही, असा अर्थ लावला. त्याच्या एकच वर्ष आधी मेरीलॅंडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरची २७२ माणसे विकली होती. १८६६ साली, म्हणजे अमेरिकेने घटनादुरुस्ती करून गुलामगिरी संपवल्यानंतर, रोमच्या होली ऑफिसने एका शंकेला उत्तर देताना लिहिले की गुलामगिरी ही स्वतःहून नैसर्गिक आणि दैवी कायद्याच्या विरुद्ध नाही. आणि १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या नीतिविषयक परिपत्रात गुलामगिरी अशा कृत्यांच्या यादीत आहे, जी कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही हेतूने केली तरी मुळातच वाईट असतात.

१८६६ आणि १९९३ यांच्यात सव्वाशे वर्षे आहेत. जे मुळातच वाईट ते कधीच दैवी कायद्याशी सुसंगत नव्हते. ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पहिले वाक्य अपूर्ण नव्हते, ते चूक होते. त्या चुकीची किंमत ज्यांनी मोजली त्यांना आपण त्या काळाच्या मर्यादा समजावून सांगतो, तेव्हा आपण दुसऱ्यांदा त्यांचा अपराध करतो.

कोणी म्हणेल, तेव्हा दुसरे वाचन शक्यच नव्हते. होते. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देताना, दास-दासी विकत घेतल्याच्या बढाईवर थांबून धन्यांना धारेवर धरले: देवाची प्रतिमा असलेल्या माणसाची किंमत कोणी ठरवली, आणि ती मोजली तरी कशाने? त्याने उपदेशकातले ते वचन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या उजेडात वाचले. एवढेच करायचे होते. १५१४ मध्ये क्युबात पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना बार्तोलोमे दे लास कासास यांच्या समोर बेन सिराच्या पुस्तकातला चौतिसावा अध्याय आला: गरिबाच्या ताटातले काढून वाहिलेले अर्पण देवाला मान्य नाही. ते स्वतः मूळ रहिवाशांच्या वेठीवर जगणारे धर्मगुरू होते. त्यांनी आपल्या ताब्यातली माणसे सोडली. हेच लास कासास मध्यंतरी आफ्रिकन गुलाम आणावेत अशी सूचना करून बसले आणि नंतर त्याचा पश्चात्ताप त्यांनी लिहून ठेवला. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो त्या पश्चात्तापामुळे अधिक. वाचन सुधारताना तो अर्ध्यावर अडला होता, आणि अडलो होतो हे त्याने कागदावर मान्य केले.

संस्था म्हणून चर्चला हे अजून जमत नाही. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने नव्या भूप्रदेशांवरच्या हक्काच्या तथाकथित सिद्धांताचा त्याग जाहीर केला, क्षमेची भाषा वापरली. ते निवेदन मी कृतज्ञतेने वाचले. पण पंधराव्या शतकातली ती आज्ञापत्रे कॅथलिक श्रद्धेची अभिव्यक्ती कधीच मानली गेली नव्हती, असेही त्यात आहे. ज्यांच्या गळ्यात साखळी पडली त्यांना ती कोणत्या दर्जाच्या कागदाने पडली, हा भेद कळण्याचे काही कारण नव्हते.

५. ग्रंथ कसा वाचायचा, हेही शिकावे लागले

१६१६ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. ५ मार्चला रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर, त्यात दुरुस्ती होईपर्यंत, बंदी आली, कारण यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचा उल्लेख आहे. त्याच वर्षी गोव्यात राशोल इथे इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्यांनी बायबलची कथा मराठी ओवीत आणली, पुराणाच्या घाटात बसवली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. एका ठिकाणी वचनाला अक्षरात कोंडले जात होते, दुसऱ्या ठिकाणी वचन नवी भाषा आणि नवा घाट पत्करून जिवंत होत होते. दोन्ही एकाच चर्चच्या परवानगीने. भाषांतर ही अर्थ लावण्याचीच पहिली पायरी असते, हे आपल्या मातीतल्या ख्रिस्ती परंपरेने चारशे वर्षांपूर्वी करून दाखवले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल २०१० साली आले, ते त्याच वाटेवरचे.

रोमला मात्र हा धडा फार उशिरा आणि फार वेदना देऊन मिळाला. १८९०मध्ये जेरुसलेममध्ये बायबलच्या अभ्यासाची शाळा काढणारे डॉमिनिकन मारी-जोसेफ लाग्रांज यांच्यासारखे अभ्यासक ग्रंथातले साहित्यप्रकार ओळखायला सांगत होते: काव्य काव्यासारखे वाचा, इतिहास इतिहासासारखा. १९०६ मध्ये पोंटिफिकल बायबल कमिशनने, पहिली पाच पुस्तके मोशेची नाहीत असे मानायला पुरेसे पुरावे नाहीत, असा निर्वाळा दिला. १९१२ मध्ये लाग्रांज यांची पुस्तके सेमिनरींत वापरू नयेत असा आदेश निघाला. ते गप्प राहिले, आज्ञेत राहिले, काम करत राहिले. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांच्या परिपत्राने साहित्यप्रकारांचा अभ्यास हे व्याख्याकाराचे कर्तव्य ठरवले. लाग्रांज १९३८ सालीच वारले होते.

पुढचा प्रसंग परिषदेतला. १९६२च्या नोव्हेंबरात प्रकटीकरणाविषयीचा जुन्या वळणाचा मसुदा चर्चेला आला. २० तारखेला त्यावरची चर्चा थांबवावी या बाजूने १,३६८ मते पडली, विरोधात ८२२. दोन-तृतीयांशाला शंभरेक मते कमी पडली. नियमाप्रमाणे तो मसुदा पुढे जायला हवा होता. पोप जॉन तेविसावे यांनी दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला आणि नव्याने लिहायला सांगितले. तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, नवा दस्तऐवज २,३४४ विरुद्ध ६ मतांनी मान्य झाला. त्याच्या आठव्या परिच्छेदात, प्रेषितांपासून आलेली परंपरा पवित्र आत्म्याच्या साहाय्याने पुढे जाते, समज वाढत जाते, असे आहे. आणि दहाव्यात, शिकवणारा अधिकार वचनाच्या वर नाही, वचनाचा सेवक आहे, असे आहे. जे बदलाला घाबरतात त्यांनी हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत.

६. तीन आक्षेप

पहिला: असे असेल तर थांबायचे कुठे? उद्या कोणीही उठून कोणतेही वचन दुसऱ्या वचनाखाली झाकेल. आक्षेप गंभीर आहे, पण त्यामागे एक गैरसमज आहे, की पुनर्वाचन म्हणजे नेहमी सैल सोडणे. येशूने घटस्फोटाविषयी अनुवादातली परवानगी उत्पत्तीच्या उजेडात वाचली आणि ती परवानगी काढून घेतली. गुलामगिरीचे नवे वाचन धन्यासाठी कडक होते. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात देहदंड अग्राह्य ठरवला, तेव्हा राज्यसत्तेच्या हातातले काहीतरी काढून घेतले गेले. कसोटीही जुनीच आहे. ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथात सांगितले की ज्या अर्थाने देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला वचन अजून समजलेलेच नाही. त्याने स्वतः ही कसोटी नेहमी पाळली नाही. दोनातिस्त पंथाच्या लोकांना बळाने चर्चमध्ये आणण्यासाठी त्याने लूकाच्या दृष्टांतातला, लोकांना आत येण्यास भाग पाड, हा शब्द वापरला. १९६५च्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेने त्याऐवजी गव्हातल्या निदणाचा दृष्टांत पुढे ठेवला: कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. ऑगस्टीनला त्याच्याच कसोटीवर तपासले गेले.

दुसरा: हे सगळे जगाच्या दबावापुढे झुकणे आहे. गुलामगिरी संपवायला क्वेकर पुढे होते, धर्मस्वातंत्र्य उदारमतवाद्यांकडून आले, हे खरेच आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही असेल तर ते उशीर होण्यात आहे. पेत्रालाही जे कळले ते परकीय सैन्यातल्या एका अधिकाऱ्याच्या घरात कळले. पवित्र आत्मा चर्चच्या भिंतीबाहेरूनही बोलतो, हे मानायला कृत्यांचे पुस्तक पुरेसे आहे. आणि जगाचा दबाव केवळ आधुनिक काळात सुरू झाला असे कोणी समजू नये. १४५२चे आज्ञापत्र एका राजाच्या हितासाठी निघाले होते. ज्या वाचनाला आपण पारंपरिक म्हणून डोक्यावर घेतो, त्याच्यावरही सत्तेचे आणि मालमत्तेचे दडपण होतेच. ते जुने झाले म्हणून दिसेनासे झाले आहे.

तिसरा आक्षेप कॅथलिक मनाला सर्वांत जवळचा: मग ज्याचा त्याचा अर्थ खरा, आणि अधिकाराचे काय? मी अधिकार नाकारत नाही. यरुशलेमात निर्णय सभेने घेतला, पेत्राच्या आणि याकोबाच्या तोंडून तो आला. पण अधिकार निर्णय देतो तेव्हा त्याच्यापुढे वाचनाचे पर्याय कोणीतरी आधी तयार केलेले असतात. अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांना १९५०च्या दशकात धर्मस्वातंत्र्यावर लिहिण्यापासून थांबवले गेले. १९६५च्या ७ डिसेंबरला २,३०८ विरुद्ध ७० मतांनी मान्य झालेल्या घोषणेमागे त्यांच्याच विचारांचे मोठे काम होते. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी त्या घोषणेत आणि १८३२च्या ग्रेगरी सोळाव्यांच्या परिपत्रात विरोध आहे असे सांगितले. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण विरोध दिसण्याइतके त्यांचे वाचन प्रामाणिक होते. २००५च्या डिसेंबरात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, खरी सुधारणा म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांवरचे सातत्य आणि खंड यांचे मिश्रण, असे मांडले. खंड हा शब्द एका पोपनी, तोही परंपरेचा कैवारी समजल्या जाणाऱ्या पोपनी, वापरला याचे मोल मोठे आहे.

७. अजून उघडे असलेले पान

ही सगळी मांडणी आजच्या एका प्रश्नावर लावून पाहिल्याशिवाय अपुरी राहील: स्त्रियांचे पौरोहित्य. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी, स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही आणि हा निर्णय सर्वांनी कायमचा मानावा, असे सांगितले. या पत्राचे वजन मी कमी लेखत नाही. पण कारणांचा इतिहास पाहावा. मध्ययुगातले पंडित स्त्रीला दीक्षा नाही कारण ती अधीनतेच्या अवस्थेत आहे, असे म्हणत. १९७६च्या रोमच्या निवेदनाने असल्या युक्तिवादाचा आधार सोडला आणि ख्रिस्ताने बारा पुरुष निवडले, धर्मगुरू त्याच्या रूपात उभा राहतो, ही कारणे पुढे केली. निष्कर्ष जागेवर राहिला, त्याच्याखालचा पाया काढून दुसरा घातला गेला. त्याच सुमारास पोंटिफिकल बायबल कमिशनने या प्रश्नाचा अभ्यास केला. जाहीर न होता बाहेर आलेल्या त्याच्या अहवालाचा सूर असा होता की केवळ नव्या कराराच्या आधारे हा प्रश्न कायमचा निकालात काढता येत नाही.

यावरून उत्तर बदलेलच असे मी म्हणत नाही. रक्ताच्या निर्बंधासारखे ते निघेल, की घटस्फोटाच्या वचनासारखे टिकेल, हे वाचन पुरे झाल्यावरच कळेल. आणि वाचन पुरे झालेले नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल युनियाचे नाव प्रेषितांच्या संदर्भात घेतो. चौथ्या शतकात जॉन क्रिसोस्टमने ती स्त्री आहे हे गृहीत धरून तिचे कौतुक केले. पुढे कित्येक शतके अनेकांनी तिला पुरुष करून टाकले, कारण प्रेषितांत स्त्री असेल हे त्यांच्या मनाला पटेना. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत किंख्रियाच्या मंडळीतली फिबी आहे. पौल तिला 'दियाकोनोस' म्हणतो. हाच शब्द पुरुषांसाठी आला की अनेक भाषांतरांनी त्याला पदाचे नाव दिले आणि फिबीसाठी आला की सेवा करणारी बाई एवढाच अर्थ काढला. पोप फ्रान्सिस यांनी स्त्री डीकनच्या प्रश्नावर २०१६ मध्ये एक अभ्यासगट नेमला आणि २०२० मध्ये दुसरा. त्यांच्यासमोर टेबलावर होता तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पत्रातला हाच एक ग्रीक शब्द.